कुपोषित बालकांचा उपचार : द्रव्य कोठें लागतें व केव्हां लागतें

उपासमारीनें खंगलेल्या मुलांच्या उपचारार्थ दिलेलें द्रव्य कशांत खर्च होतें, अशी पृच्छा दाते नेहमीं करितात, व ती रास्तच आहे. आफ्रिकेंतील नायजर देशाच्या उदाहरणानें तिचें उत्तर देणें सोयीचें होईल. कारण या उपचारपद्धतीची मोठी कसोटी 2005 सालीं तेथेंच लागली.

तीव्र कुपोषण म्हणजे केवळ भूक नव्हे. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर 115 मिलिमीटरांहून कमी भरला, अथवा दोन्ही पावलांवर सूज येऊन बोटानें दाबल्यास खळगा राहूं लागला, म्हणजे त्याच्या जिवास धोका आहे असें समजावें. अशा मुलास घरची पेज पुरत नाहीं. पूर्वीं त्यास औषधी दूध देत. तें स्वच्छ पाण्यांत कालवावें लागे व उष्ण हवेंत लवकर नासे. म्हणून मूल व आई या दोघांस कित्येक आठवडे उपचारकेंद्रांत ठेवणें भाग पडे. इकडे शेत तसेंच पडलेलें व इतर भावंडें उपाशी! मध्येंच मूल उचलून आई घरीं परतली, तर तिला दोष तो काय द्यावा?

1990 नंतरच्या दशकांत आंद्रे ब्रियाँ या फ्रेंच बालवैद्यानें भुईमुगाचे दाणे, दुधाची भुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वें व क्षार यांचा घट्ट लगदा सिद्ध करण्यांत पुढाकार घेतला. त्याच्या 92 ग्रॅमच्या पुडींत सुमारें 500 कॅलरी असतात. पाणी नको, चूल नको. मूल पुडी चोखून खातें. ज्या मुलास भूक लागते व दुसरा जड विकार जडलेला नाहीं, त्यास घरींच बरें करितां येतें, हें जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदि संस्थांनीं 2007 सालच्या संयुक्त पत्रकांत मान्य केलें.

एका मुलास सहा ते आठ आठवडे लागणारा पुरवठा म्हणजे सुमारें 150 पुड्यांचें एक खोकें. त्याची किंमत साधारणतः 40 ते 50 डॉलर. दात्यांचा हिशेब बहुधा येथेंच थांबतो. खोकें डोळ्यांस दिसतें, म्हणून त्यासाठीं पैसा मिळतो. गाडीचें तेल, वजन घेणाऱ्या परिचारिकेचें वेतन, ज्वरावरील औषध व जड आजाऱ्यांच्या खाटा यांसाठीं मिळत नाहीं. वस्तुतः एकंदर खर्च खोक्याच्या दुपटी-तिपटीवर जातो.

आतां वेळेविषयीं. 2004 सालीं टोळधाड व अवर्षण यांनीं नायजरचें पीक बुडविलें. मदतीची हांक त्याच वर्षाच्या अखेरीस गेली. प्रतिसाद जवळजवळ मिळालाच नाहीं. 2005 च्या जुलैंत मरणोन्मुख मुलांचीं चित्रें दूरचित्रवाणीवर आलीं, तेव्हां कोठें पैशाचा ओघ सुरू झाला. आधींच साहाय्य मिळतें तर दर मुलामागें रोजचा एक डॉलर पुरला असता, आतां एक जीव वाचविण्यास ऐंशी डॉलर लागत आहेत, असें संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन मदतप्रमुख यान एगेलँड यांनीं त्या वेळीं बोलून दाखविलें. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेनें त्या वर्षीं तेथें 60,000 हून अधिक मुलांवर उपचार केले, व बहुतेक बरीं झालीं. म्हणजे उपाय ठाऊक होता. उशीर झाला तो द्रव्याचा.

पुढें त्याच देशांतील झिंडर प्रांतांत दंड मोजण्याची रंगीत पट्टी थेट आयांच्याच हातीं देऊन पाहण्यांत आली. मुलें अधिक लवकर सांपडलीं, रुग्णालयांत थोड्यांनाच न्यावें लागलें व खर्चही उतरला.

उलट 2025 सालीं अमेरिकेची परदेशी मदतसंस्था मोडण्यांत आली, तेव्हां तयार खोकीं कांहीं काळ तेथील गोदामांतच पडून राहिलीं.

नायजरला समुद्रकिनारा नाहीं. परदेशीं बनलेलें खोकें जहाजानें व पुढें मालमोटारीनें जाण्यास महिने लागतात, आणि जून ते सप्टेंबर हा तेथें कोठारें रिकामीं असण्याचा काळ. यास्तव ज्यांस साहाय्य करावयाचें असेल त्यांनीं तें वर्षारंभींच धाडावें, व त्यांतील कांहीं भाग तरी अमुकच वस्तूवर खर्चावा अशी अट न घालतां द्यावा.