नियमाआधी गाव: उपालींनी विनय कसा जपला

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पाचशे भिक्षू जमले. आता शास्ता नाही, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी मिळून म्हणून पक्कं करायचं, यासाठी ती पहिली संगीती होती. धम्माबद्दल आनंदांना विचारलं गेलं, पण त्याआधी थोर भिक्षू महाकाश्यपांनी विनय, म्हणजे संघाचे नियम, हाती घेतला आणि प्रश्न टाकले ते उपालींना.

प्रश्नांचा क्रम नीट पाहावा. पहिला पाराजिक नियम (जो मोडला की भिक्षूपण संपतं असा) कुठे घालून दिला, असं महाकाश्यपांनी विचारलं. वैशालीत, असं उपालींनी सांगितलं. मग, कुणामुळे? सुदिन्नामुळे. कोणत्या बाबतीत? मैथुनाच्या. त्यानंतर मूळ नियम काय, त्यात पुढे भर काय पडली, कशाने दोष लागतो आणि कशाने लागत नाही, हे आलं. म्हणजे नियमाच्या शब्दांपर्यंत पोचायच्या आधी गाव, माणूस आणि घटना सांगून झालेली असते. मला तर उपालींच्या विद्वत्तेचं मर्म या क्रमातच दिसतं.

दुसऱ्या पाराजिकाचं उदाहरण घेऊ. हा नियम चोरीचा. गाव राजगृह, माणूस धनिय. हा धनिय मूळचा कुंभाराचा मुलगा. ऋषिगिरीच्या उतारावर त्याने गवताची झोपडी बांधली होती. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणारे ती मोडून घेऊन जात. असं तीनदा झालं. शेवटी हातात कसब होतंच, म्हणून त्याने अख्खी कुटी मातीची घडवली आणि गवत, लाकूड, शेण्या रचून ती भाजून काढली. कुटी झाली लालभडक, पावसाच्या तोंडावर दिसणाऱ्या मृगाच्या किड्यासारखी. ती वाजवली तर घंटेसारखा नाद येई. पण भाजताना किती जीव मेले असतील, असं म्हणून बुद्धांनी ती फोडायला लावली.

मग धनिय राजाच्या लाकूड-वखारीवर गेला. तिथली लाकडं नगराच्या दुरुस्तीसाठी राखलेली होती. 'राजाने मला दिली आहेत,' असं सांगून त्याने ती तोडून गाड्यांवर लादून नेली. वखारीचा अधिकारी पकडला गेला, तेव्हा धनियही बिंबिसार राजापुढे उभा राहिला. राज्याभिषेकाच्या वेळी श्रमण-ब्राह्मणांना गवत, लाकूड, पाणी दिल्याचं तुम्हीच जाहीर केलं होतं, हे त्याने राजाला सांगितलं. बोलणं खरं होतं, पण ते रानातल्या, कुणाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होतं. राजाने त्याला अंगावरच्या भिक्षुवेषाकडे पाहून सोडलं. लोकांनी मात्र नावं ठेवली.

आता नियम करायचा, तर किती किमतीच्या चोरीला? संघात पूर्वी न्यायखात्यात काम केलेला एक भिक्षू होता. त्याला बुद्धांनी विचारलं की बिंबिसार किती चोरीला चोराला मारतो, डांबतो किंवा हद्दपार करतो. उत्तर आलं, एक पाद. त्या वेळी राजगृहात पाच मासकांचा एक पाद होत असे. आपण 'पाव किलो' म्हणतो त्यातला पाव हा त्याच पादापासून आलेला आणि सोनाराच्या तराजूतला मासाही त्या मासकाच्याच कुळातला. मर्यादा ठरली ती देशाच्या चालू कायद्यावरून.

नियम झाला, तरी गोष्ट संपली नाही. काही भिक्षूंनी धोब्यांच्या कपडे वाळवण्याच्या जागेवरून गाठोडं उचललं आणि नियम गावापुरता आहे, रानाला नाही, अशी पळवाट काढली. मग नियमात 'गावातून किंवा रानातून' असे शब्द आले. हीच ती 'भर'. दोष कुणाला नाही, तेही उपालींना सांगावं लागे: आपलीच वस्तू समजून घेणारा, विश्वासातल्या माणसाची घेणारा, थोड्या वेळापुरती नेणारा, टाकून दिलेली चिंधी समजून उचलणारा. वेड लागलेला. आणि ज्याच्यामुळे नियम झाला तो पहिला माणूस. त्यामुळे धनियलाही दोष नाही, कारण त्याने केलं तेव्हा नियमच नव्हता.

एवढं पाठ असलेला माणूस नुसता नियम म्हणून दाखवत नाही. समोर नवं प्रकरण आलं की ते धनियसारखं आहे की धोब्यांच्या गाठोड्यासारखं, हे त्याला तोलता येतं. बुद्धांनी विनयधरांमध्ये, म्हणजे विनय पाठ असणाऱ्यांमध्ये, उपालींना अग्र म्हटलं ते यासाठी.

हे उपाली शाक्यांचे न्हावी होते. (नालंदेचे उपाली गृहपती वेगळे, ते आधी निर्ग्रंथांचे, म्हणजे जैनांचे, उपासक होते.) अनुरुद्ध, भद्दिय, आनंद असे शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी निघाले, तेव्हा अंगावरचे दागिने उतरवून त्यांनी उपालींच्या हाती दिले आणि घरी परत जा म्हणून सांगितलं. हे दागिने घेऊन परतलो तर शाक्य मला जिवंत ठेवणार नाहीत, असं वाटून उपालींनी गाठोडं झाडाला अडकवलं. जो पाहील त्याचं होऊ दे, असं म्हणून तेही मागोमाग गेले. मल्लांच्या अनुपिय गावी कुमारांनी बुद्धांना विनंती केली की आधी उपालींना दीक्षा द्या. संघात थोरपण दीक्षेच्या क्रमाने ठरतं. क्षणभर आधी दीक्षा झालेल्यालाही नंतरच्याने वंदन करायचं असतं. शाक्यांचा कुळाभिमान असा त्यांच्याच हाताने वाकला. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली निघालेल्या ग्रंथात उपेक्षितांच्या धम्मदीक्षेच्या भागात पहिली गोष्ट याच उपालींची आहे.

उपालींना एकदा रानात एकांतात राहावंसं वाटलं. बुद्धांनी त्यांना हत्ती आणि सशाची उपमा दिली. डोहात हत्ती उतरतो, पाठ-कान धुऊन खेळतो. ससा त्याची नक्कल करायला गेला तर गटांगळ्या खातो. तू संघातच राहा, तिथेच तुझं हित आहे, असं त्यांनी सांगितलं.

ते राहिले आणि शिकवू लागले. वयाने, दीक्षेने थोर स्थविर त्यांच्याकडे विनय शिकायला येत. थोरांचा मान राखायचा म्हणून उपाली उभे राहून शिकवत आणि धम्माचा मान राखायचा म्हणून स्थविरही उभे राहून ऐकत. दोघांचेही पाय भरून येत. बुद्धांच्या कानी गेलं, तेव्हा त्यांनी शिकवणारा दीक्षेने लहान असला तरी त्याने बरोबरीच्या किंवा उंच आसनावर बसावं, अशी परवानगी दिली.

उपालींपासून दासक, सोनक, सिग्गव, मोग्गलिपुत्त तिस्स अशी विनयधरांची परंपरा सांगतात. पुढे लंकेत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ग्रंथ लिहून ठेवले जाईपर्यंत विनय तोंडोतोंडीच चालत आला. आजही श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधले भिक्षू दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी नियमांच्या पठणाला एकत्र बसतात. त्यांच्यातला एक जण 227 नियम पाठ म्हणतो. प्रत्येक वर्गानंतर, तुम्ही यात शुद्ध आहात ना, असं तीनदा विचारतो. बाकीचे गप्प राहिले की पुढे जातो. दुसरा नियम येतो तेव्हा 'गावातून किंवा रानातून' हे शब्द त्याच्या तोंडून निघतात, आणि त्या धोब्यांच्या वाळवणाच्या जागेवरचं गाठोडं त्यात असतं.