मंगळाच्या घड्याळावर एक महिना

पहाटेचे चार वाजलेत. लॉस एंजेलिसजवळ राहणारी तीन भावंडं, वयं तेरा, दहा आणि आठ, बोलिंग खेळायला निघाली आहेत. चोरून नाही बरं का! आईबाबाच त्यांना घेऊन चाललेत. भर दुपारी ही मुलं झोपतात तेव्हा ऊन आत येऊ नये म्हणून खोलीच्या खिडक्या चंदेरी फॉइलनं झाकून टाकल्या आहेत.

ही गोष्ट खरी आहे, ऑगस्ट 2012 मधली. तेव्हा 'नासा'ची 'क्युरिऑसिटी' ही बग्गी मंगळावर उतरली होती आणि या मुलांचे बाबा, डेव्हिड ओ, त्या मोहिमेचे फ्लाइट डायरेक्टर होते. बग्गी काम करणार मंगळावर दिवस असताना. तिथं संध्याकाळ झाली की दिवसभराची माहिती पृथ्वीवर यायची आणि तिथल्या रात्रीत इथल्या लोकांनी दुसऱ्या दिवसाचं काम आखून द्यायचं. म्हणजे कामाच्या वेळा ठरवणार मंगळ! बाबा एकटेच उलट्या वेळी का जागतील, आपण सगळेच जागू, असं घरच्यांनी ठरवलं आणि महिनाभर अख्खं घर मंगळाच्या वेळेवर चाललं.

मंगळाचा दिवस असतो सुमारे 24 तास 40 मिनिटांचा. रोज चाळीस मिनिटं उशिरा झोपायचं आणि चाळीस मिनिटं उशिरा उठायचं, यात काय मोठंसं? पण हिशेब मांडून बघा. आज रात्री दहाला झोपलात तर उद्या दहा चाळीसला, परवा अकरा वीसला... अठरा दिवसांनी तुमची झोपायची वेळ होते सकाळचे दहा! बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर हॉर्न, आणि तुम्हाला म्हणायचंय 'शुभरात्री'. 2004 साली मंगळावर दोन बग्ग्या उतरल्या होत्या, तेव्हा लॉस एंजेलिसजवळच्या एका घड्याळजीनं शास्त्रज्ञांसाठी मुद्दाम हळू चालणारी मनगटी घड्याळं बनवून दिली होती. मनगटावरचं घड्याळ असं बदलता येतं. शरीरातलं कसं बदलणार?

शरीरात घड्याळ असतं, आणि तेही एक नाही. मुख्य घड्याळ मेंदूत आहे. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे वीस हजार पेशींचा एक इवलासा पुंजका आहे, तेच हे घड्याळ. शिवाय यकृत, आतडी, हृदय, स्नायू यांचीही आपापली घड्याळं आहेत. लेझीम पथक आठवा. हलगीवाला ठेका देतो आणि बाकीचे त्यावर पावलं टाकतात. मेंदूतला पुंजका म्हणजे तो हलगीवाला. त्याच्या ठेक्यावर रात्री मेलाटोनिन नावाचं रसायन रक्तात वाढतं आणि शरीराला कळतं, रात्र झाली. पहाटे अंग सर्वांत थंड असतं, संध्याकाळी जरा गरम.

गंमत अशी, की हलगीवाल्याचाही ठेका नेमका चोवीस तासांचा नसतो. सरासरी तो दहा-बारा मिनिटांनी लांब असतो. रोज सकाळचा उजेड डोळ्यांत गेला, की तो जुळवून घेतला जातो. पण यकृत मुख्यतः जेवणाच्या वेळा पाहतं! रात्री दोन वाजता तुम्ही वडापाव खाल्लात, की मेंदू म्हणतो 'मध्यरात्र' आणि यकृत म्हणतं 'जेवण आलं, म्हणजे दिवस'. पथक विस्कटलं.

हलगीवाल्याचा ठेका मुळात बदलता येतो का, हे शोधायला नथानिएल क्लाइटमन नावाचे शास्त्रज्ञ 1938 साली चक्क गुहेत जाऊन राहिले. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली मॅमथ गुहा, सोबत त्यांचा एक विद्यार्थी, मुक्काम 32 दिवस. ऊन नाही, पाऊस नाही, कायम सारखाच गारठा. उंदीर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय डब्यांत ठेवलेले! या दोघांनी ठरवलं, आपला दिवस 28 तासांचा. तरुण विद्यार्थ्याला आठवडाभरात ते जमलं. गुरुजींच्या शरीराचं तापमान मात्र जुन्या चोवीस तासांच्या हिशेबानंच चढत-उतरत राहिलं. मला हे गुरुजी फार आवडतात. प्रयोग त्यांचा आणि दाद न देणारं शरीरही त्यांचंच.

पथक विस्कटलं तर काय होतं, हे पाहायला हाच 28 तासांचा दिवस 2009 साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात पुन्हा वापरला गेला. बोस्टनमधल्या प्रयोगशाळेत, मंद उजेडात, दहा जण त्या वेळापत्रकावर राहिले. काही दिवसांत त्यांचा नाश्ता शरीराच्या मध्यरात्री होऊ लागला. जेवण तेच, माणसं तीच. पण रक्तातली साखर वाढली, रक्तदाब चढला आणि 'पोट भरलं' सांगणारं लेप्टिन हे रसायन कमी झालं. ज्या आठ जणांच्या साखरेची पूर्ण नोंद मिळाली, त्यांच्यापैकी तिघांची जेवणानंतरची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांसारखी दिसू लागली. थोड्याच दिवसांत!

वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये मधुमेह, हृदयविकार आणि पोटाच्या तक्रारी जास्त का आढळतात, हे यावरून थोडं कळतं. रुग्णालयातल्या नर्सताई, पोलीसकाका, पुण्यात बसून अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी एखाद्याची मावशी, यांना पर्याय नसतो. म्हणून रात्रपाळी करून आलेलं माणूस दुपारी झोपलं असेल, तर टीव्हीचा आवाज कमी करा. त्या वेळी झोपण्यासाठी ते आपल्याच मेंदूशी भांडत असतं.

आणि सकाळी न उठणारा तुमचा दहावीतला दादा? त्याचा सगळाच दोष नाही हं. त्या वयात शरीराचं घड्याळ खरंच मागे पडतं, रात्री झोपच उशिरा येते. त्यात उशाशी मोबाइल असला, की त्याचा निळसर उजेड मेलाटोनिनला आणखी थोपवतो. लहान मुलांवर तर हा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो, कारण त्यांच्या डोळ्याची बाहुली मोठी असते, भिंग स्वच्छ असतं आणि आत जास्त उजेड पोहोचतो.

आता, मेंदू नसलेल्यालाही घड्याळ असतं का? असतं. 1729 साली द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूसारखं पानं मिटणारं एक रोप अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. लाजाळूची कुंडी दोन दिवस कपाटात ठेवा आणि पानं सकाळी, दुपारी, रात्री कशी असतात ते वहीत लिहा. बघताना मिणमिणता हिरवा दिवा वापरा, खोलीतला मोठा दिवा लावलात तर त्या उजेडानं रोपाचं घड्याळ हलू शकतं. आणि पानांना बोट लावू नका, नाहीतर ती भलत्याच कारणानं मिटतील.