चार छंद आणि एक माणूस



लागणीच्या नोंदी घ्यायला बांधावर गेलं की उसाच्या गप्पा संपल्यावर हल्ली दुसरा एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे घरातल्या पोरांचा. "साहेब, पोरगं पहाटे तालमीत जातं, दुपारी कॉम्प्युटरच्या क्लासला बसतं, सांजच्याला पारावर राजकारण करतं आणि रात्री मोबाईलवर बुद्धिबळ खेळतं. त्याला नेमकं काय करायचंय, हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही." गावोगाव थोड्याफार फरकाने हीच तक्रार ऐकू येते आणि शेवट ठरलेला असतो : "एक ना धड, भाराभर चिंध्या!"

या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. पण ज्याच्या अंगी अनेक छंद असतात तो वाया गेलाच, असे मानणे कितपत बरोबर, याचा विचार व्हावा म्हणून आज उसाची लागण आणि खताची मात्रा बाजूला ठेवून एका माणसाविषयी लिहितो आहे. माणूस आपल्या शेजारच्याच मुलखातला आणि आपल्या सर्वांच्या आदराचा : राजर्षी शाहू महाराज.

मातीतला राजा

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, राजकोट आणि धारवाड येथे शिकले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. वय अवघे वीस, तेही पुरे झालेले नव्हते.

त्यांच्या आवडीनिवडींची यादी केली तर आजच्या पालकांना घेरीच यावी! कुस्तीचा नाद तर असा, की स्वतः जोर-बैठका मारून तांबड्या मातीत उतरायचे. शिकारीचा शौक होता, त्यातही शिकवलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरण्याचा. माणसाने मोकळ्या मैदानात हत्तीला हुलकावण्या द्यायच्या, हा साठमारीचा जिवावरचा खेळ त्यांच्या आवडीचा. गाण्याची आवड अशी, की अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई त्यांच्या पदरी होता. नाटक, चित्रकला, गिरणी, गुळाची पेठ, धरण, शाळा, वसतिगृहे या सगळ्यांत लक्ष. आणि या सर्वांवर राजकारण व समाजकारण.

आता याला भाराभर चिंध्या म्हणायचे का? एकेक छंद जवळून पाहिला तर उत्तर वेगळे निघते.

खासबागेचे मैदानच घ्या. हे कुस्तीचे मैदान १९१२ साली उभे राहिले. १९०२ च्या विलायतेच्या प्रवासात महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडांगण पाहिले आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. मैदान बशीसारखे आहे. मध्ये हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक. जत्रेच्या फडात काय होते ते आपण जाणतोच. पुढच्या रांगेतला पाटील-पुढारी कुस्ती बघतो आणि मागचा गडी नुसत्या टाळ्या ऐकतो. खासबागेत सगळ्यात मागे बसलेल्यालाही डाव दिसतो, आणि कुस्ती निकाली झाली की पंचांनी लपवाछपवी करायची सोय उरत नाही. म्हणजे छंद कुस्तीचा, पण त्यातून निघालेली गोष्ट अशी, की मागच्या माणसालाही सर्व काही दिसले पाहिजे.

हुकूमनामा नव्हे, प्रोग्रॅमच

आता राजकारण. २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबारने मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला. त्या वेळी महाराज विलायतेत होते. या हुकुमाची मांडणी नीट पाहण्यासारखी आहे. ज्या कचेरीत मागास वर्गांच्या नोकरांचे प्रमाण शेकडा ५० पेक्षा कमी असेल, तेथे पुढची रिकामी जागा त्याच वर्गांतील माणसाला द्यायची, आणि खातेप्रमुखांनी अशा नेमणुकांची माहिती दर तीन महिन्यांनी दरबाराला कळवायची.

पोरगं क्लासला जाऊन जे 'प्रोग्रॅमिंग' शिकतं, ते मुळात हेच आहे. आधी अट, मग अट पुरी झाल्यावर करायचे काम, आणि शेवटी झालेल्या कामाची नोंद. यंत्राला शहाणपण नसते, म्हणून नियम इतका स्वच्छ लिहावा लागतो की त्याचे दोन अर्थ निघू नयेत. महाराजांपुढे यंत्र नव्हते, पण पळवाटा शोधणारी माणसे होती. तेव्हा त्यांनाही नियम तितकाच स्वच्छ लिहावा लागला. १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करताना त्यांनी अशीच तऱ्हा ठेवली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड. उपदेश थोडा आणि नियम पक्का.

आपल्यालाही प्रोग्रॅम हा शब्द काही परका नाही. ऊसतोडीचा प्रोग्रॅम दर हंगामात लागतो आणि त्यावरून शेतकी ऑफिसात आवाजही चढतात! आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू डिसेंबरपासून पुढची, शिवाय खोडवा. प्रत्येकाचे पक्व होण्याचे दिवस वेगळे, को ८६०३२ आणि कोएम ०२६५ या जातींची चाल वेगळी. त्यात कुठे तुरा येतो, कुठे विहीर आटते, कुठे फड पेटतो. या सर्व अटी ओळीने मांडून कोणाची तोड आधी व कोणाची नंतर हे ठरवायचे, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा. पूर्वी हे काम वहीत होई, आता बऱ्याच कारखान्यांत ते कॉम्प्युटरवर होते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने तर उपग्रह, जमिनीतले संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या आधारे उसाला पाणी-खत किती द्यावे याचे प्रयोग केले आहेत.

हे यंत्र नियम पाळील, पण नियम लिहायचा कोणी? शहरात बसून लिहिणाऱ्याला 'आटलेली विहीर' हा रकाना सुचेलच असे नाही. खोडव्याचा फड आणि लागणीचा फड त्याला एकाच रंगाचे दिसतील. ज्याने बांधावर उभे राहून पाळीची वाट पाहिली आहे, ज्याला सभासदाची तगमग कळते, गावातले गट-तट ठाऊक आहेत, त्याच पोराच्या हाताने हा नियम लिहिला गेला तर तो न्यायाचा होईल. त्यासाठी कॉम्प्युटर यावा लागतो, तसे राजकारणही समजावे लागते. नुसत्या एकाने भागत नाही.

सात दरवाजे

भोगावती नदीवरच्या राधानगरी धरणाची योजना महाराजांनी १९०७ च्या सुमारास हाती घेतली. त्या काळात एका संस्थानाने एवढे धरण बांधायला काढणे म्हणजे मोठीच छाती. पुढे पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत पैशाची चणचण पडून काम अर्धवट थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले तेव्हाही धरण अपुरेच होते. ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. आज त्याची साठवण सुमारे ८.३६ टीएमसी आहे, आणि त्या खोऱ्यातल्या उसाला ते पाणी मिळते.

या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. बटण दाबावे लागत नाही की वीज लागत नाही. अट आणि काम लोखंडात व वजनात लिहून ठेवले आहे, एवढेच. प्रोग्रॅम म्हणजे काय, हे ज्याला पोराकडून समजून घ्यायचे नसेल त्याने पावसाळ्यात राधानगरीला जाऊन यावे.

खेळ आणि जुगार

राहिला खेळ. "खेळून कुणाचं पोट भरलंय?" असे आपण विचारतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले, तिथल्या तालमीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. शाळा-कॉलेज आणि तालीम यांचे वैर नसते, ते याहून वेगळे काय सांगायचे! आणि बुद्धिबळ म्हणजे रिकामपणचा उद्योग असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव पुरे आहे. जुलै २०२५ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. मुलींच्या पालकांनी हे दोनदा वाचावे.

पण खेळ वेगळा आणि जुगार वेगळा. मोबाईलवर पैसे लावून खेळण्याच्या नादाने कर्जात बुडालेली घरे खेडोपाडीही आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच कायद्यात बिनपैशाच्या, स्पर्धेच्या ई-खेळांना उत्तेजन देण्याचीही तरतूद आहे. तेव्हा पोराच्या हातातला मोबाईल हिसकावण्याआधी एकच बघावे : त्यात बिल येते की डाव येतो. डाव असेल तर जरा शेजारी बसून समजून घ्यावा.

अशी माणसे आपल्याकडेच झाली असेही नाही. युक्रेन देशाचा विताली क्लिच्को हा मुष्टियुद्धातला जगज्जेता. त्याने २००० साली क्रीडाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, बुद्धिबळाचा तो शौकीन, आणि २०१४ साली कीव या राजधानीचा महापौर म्हणून निवडून आला. ठोसा, पट आणि निवडणूक, तिन्हीकडे समोरच्याची पुढची चाल ओळखावी लागते. एकीकडे केलेली मेहनत दुसरीकडे उपयोगी पडते, ती अशी.

मुख्य पीक कोणते?

कोणी म्हणेल, महाराज राजे होते, पदरी खजिना होता. आमच्याकडे दीड एकर आणि सोसायटीचे कर्ज. हे म्हणणे खरे आहे आणि टाळता येण्याजोगे नाही. पैलवानकीचा खुराक फुकट येत नाही, क्लासची फी भरावी लागते, आणि पोराच्या वयाची वर्षे तर परत मिळतच नाहीत. खजिना असूनही राधानगरीचे काम थांबले होते, हेही विसरू नये. हाती घेतलेल्या प्रत्येक कामाला पैसा आणि वेळ लागतो.

म्हणून शेतकऱ्याच्याच भाषेत सांगतो. उसावर ऊस घेत राहिले तर जमीन थकते, हे आपण जाणतो. मध्ये ताग-धैंचा घेऊन गाडला तर पुढच्या उसाला जोम येतो. पण म्हणून कोणी सगळ्या रानात तागच पेरत नाही. मुख्य पीक ठरलेले असते. पोराच्या छंदांचेही तसेच आहे. चार छंद असोत, पण त्यांतले पोटाचे पीक कोणते आणि गाडून खत करायचे कोणते, हे पोराने व आईबापाने एकत्र बसून ठरवावे. वीस-बाविसाव्या वर्षापर्यंत ठरले तरी उशीर झाला असे नाही.

महाराजांचे मुख्य पीक कोणते होते, हे त्यांच्या सगळ्या कामांवरून दिसते. मागे राहिलेल्या माणसाला पुढे जागा मिळावी, हे ते पीक. मैदानात ते बैठक होऊन आले, कचेरीत हुकूम होऊन, शाळेत दंड होऊन, आणि रानात पाणी होऊन. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना दलितांचा पुढारी म्हणून जाहीरपणे गौरवले, तेही त्याच पिकाचे फळ. छंद कितीही असोत, मूळ एक असेल तर त्यांना चिंध्या म्हणता येत नाही. त्यांची गोधडी होते.

तेव्हा पोराला "यातलं काय सोडतोस?" असा प्रश्न विचारण्याऐवजी "हे सगळं कशासाठी करतोस?" असे विचारून पाहावे. उत्तर लगेच येणार नाही. पण त्याने विचार करायला सुरुवात केली तरी पुष्कळ झाले.

शेवटी एक विनंती. लागणीच्या नोंदीला शेतकी खात्याचा माणूस मोबाईल घेऊन बांधावर येतो, त्या वेळी घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला सोबत उभे करा. नोंद कशी होते, तारखेवरून पाळी कशी लागते, कुठला रकाना राहून गेला आहे, हे त्यांना पाहू द्या. काही चूक दिसली तर लिहून गट ऑफिसात द्यायला सांगा. वार्षिक सभेत तोडीच्या प्रोग्रॅमवर बोलायचे असेल तर घरी त्या पोरांशी आधी चर्चा करा. कारखाना सभासदांचा आहे. त्याचे नियमही सभासदांच्याच घरात घडले तर ते टिकतील.

— ऊस विकास अधिकारी