सड्याची पाहणी एप्रिलमध्ये?

कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार, एप्रिलमध्ये बघितला तर कोणीही म्हणेल, ‘इथे आहेच काय?’ करपलेला कातळ, वाळकं गवत, सुटे दगड. गंमत म्हणजे अनेक प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालाला पावसाळा वगळून एकाच हंगामाची पाहणी चालते. म्हणजे सडा जिवंत होतो तेव्हाच तिकडे फिरकायचं नाही!

घाटमाथ्यावरच्या आंबोलीचा भेक घ्या (शास्त्रीय नाव झँथोफ्राईन टायगेरिना). शास्त्राला त्याची ओळख पटली २००९ मध्ये, आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाच्या सुरुवातीला कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. तिथे मातीचा भराव पडला की संपलं.

सुट्या दगडांखालीही पाली, विंचू, फुरसं, देवगांडूळ दडलेले असतात. चिरेखाण असो की आंब्याची बाग, पहिला हात पडतो तो या दगडांवरच.

म्हणून पाहणी जून ते सप्टेंबरमध्ये हवी. डबकी नकाशावर आधी आखावीत, बांधकाम त्यांच्यापासून सरकवावं, वहाळ तोडू नयेत. कागदावर आराखडा हलवायला फारसा खर्च येत नाही. जेसीबी आल्यावर कोण ऐकतंय?

गावात जनसुनावणी लागली असेल तर अहवालातल्या पाहणीच्या तारखा आधी बघा.