नळीआधी तारांची उंची

नांदेड-लातूरच्या नवशिक्याला स्लाइड गिटारसाठी आधी तारांवर सरकवायची महागडी नळी घ्यावीशी वाटते. माझ्या मते आधी तारा उचलाव्यात. त्या पट्टीलगत असतील तर नळी पडद्यांवर खडखडते आणि मींड तुटते. उंच तारांचे उदाहरण म्हणजे मांडीवरची गिटार: वादक ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत तो नाद ऐकावाच. अशा आडव्या गिटारवर तार बोटाने दाबायची नसल्याने ती भरपूर उंच ठेवता येते आणि तिच्यावर भरीव पोलादी दांडा चालतो. नेहमीसारख्या धरलेल्या गिटारला मात्र बोटात बसणारी पोकळ नळी हवी, काचेची किंवा जड पितळेची. उंच तारांवर कॉर्ड धरताना बोटे दुखतात, हा आक्षेप खरा. म्हणून नेहमीसारख्या धरलेल्या गिटारवर उंची मध्यम ठेवावी, तारा थोड्या जाड घ्याव्यात. नळीमागच्या तारांवर उरलेली बोटे हलकेच टेकवावीत, नाहीतर त्या उगाच गुणगुणतात.