केबल चालू असते, प्रकाश गळत असतो

इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे खुर्द किंवा वरकुटे बुद्रुकसारख्या गावात इंटरनेट बंद पडलं की पहिला संशय जेसीबीवर जातो. पाइपलाइनसाठी चारी खोदली आणि केबल तुटली, असं सरळ गणित. पण तुटलेली केबल निदान लगेच कळते. भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात मुडपलेली किंवा खिळ्याला आवळून बांधलेली केबल मात्र चालू राहते आणि आतल्या आत प्रकाश गमावते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. तिथून घरापर्यंतचे शेवटचे मीटर खोदाईइतक्याच काळजीने हाताळले पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

कारण काचेच्या रचनेत आहे. तंतूचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, भोवतीची काच धरून १२५. गाभ्याचा अपवर्तनांक किंचित जास्त, म्हणून प्रकाश आत कोंडलेला राहतो. वळण घट्ट झालं की तो बाहेरच्या काचेत निसटतो, आणि वळणाची त्रिज्या घटत गेली की ही गळती झपाट्याने वाढते. जास्त तरंगलांबीचा प्रकाश गाभ्याबाहेर अधिक पसरलेला असल्याने १५५० नॅनोमीटरला १३१०पेक्षा मोठा फटका बसतो. निदानाची खूणही हीच. दोन्हींवर मोजून १५५०ची घट ठळकपणे जास्त निघाली, तर दोष बहुधा जोडात नसून वळणात असतो.

‘नेट चालतंय ना, मग काय बिघडलं?’ हा प्रश्न रास्त आहे. घरोघरच्या जीपॉन जोडण्यांच्या बी-प्लस वर्गात २८ डेसिबलपर्यंत घट चालते. पण एका तंतूचा प्रकाश ३२ घरांत वाटला की त्यातले किमान १५ तिथेच संपतात; उरलेल्यात अंतर, जोड, कनेक्टर भागवायचे. एका वळणाने ३ डेसिबल खाल्ले म्हणजे निम्मा प्रकाश गेला. मग पुढच्या दुरुस्तीत एक जोड वाढला तरी जोडणी डळमळते.

आता वळण सोसणारे जी.६५७ फायबर मिळतात, असंही सांगितलं जातं. खरं आहे, त्यातला ए-२ प्रकार साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळणही निभावतो. पण तिथे वाचतो तो प्रकाश. वाकलेल्या काचेच्या बाहेरच्या बाजूवरचा ताण कायमच राहतो आणि दमट हवेत तिथल्या सूक्ष्म चिरा वर्षानुवर्षं वाढत जातात. म्हणून उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर केबल ओढताना तिच्या जाडीच्या २० पट आणि बसवल्यावर १० पट त्रिज्या राखावी. १२ मिलिमीटरच्या केबलसाठी ती अनुक्रमे २४ आणि १२ सेंटिमीटर होते. केबल ओढायची ती आतल्या मजबुतीच्या धाग्यांना धरून, आणि उरलेली लांबी खिळ्याला न आवळता सैल वेटोळ्यात ठेवायची.