सशाचा ताप, माणसाचें औषध



आजाऱ्याच्या उशाशीं टांगलेली सलाईनची बाटली आपण सर्वांनीं पाहिली आहे. तींतील द्रव थेट रक्तांत जातो, म्हणून तो जंतुरहित असला पाहिजे, हें कोणीहि सांगेल. परंतु जंतु मेले म्हणजे भय संपलें असें नाहीं. कांहीं जंतूंच्या आवरणांतील द्रव्य ते मेल्यावरहि पाण्यांत उरतें आणि साध्या उकळण्यानें नष्ट होत नाहीं. असें पाणी रक्तांत गेलें कीं रोग्याला हुडहुडी भरून ताप येतो. इंजेक्शनानंतर येणाऱ्या ह्या तापाचें मूळ ऊर्ध्वपातित पाण्यांतील जंतुजन्य दूषणांत आहे, असें फ्लॉरेन्स सायबर्ट ह्या अमेरिकन विदुषीनें १९२३ च्या सुमारास दाखवून दिलें.

मग प्रश्न आला कीं, औषधांत हें ज्वरकारक द्रव्य आहे कीं नाहीं, तें ओळखावें कसें? तेव्हां सशाला साक्षीदार करण्यांत आलें. तीन सशांच्या कानांच्या शिरेंत औषध टोचावयाचें, तीन तास त्यांच्या अंगाचें तापमान पहावयाचें, आणि तें चढलें तर औषध त्याज्य ठरवावयाचें. १९४२ सालीं ही चाचणी अमेरिकेच्या औषधकोशांत दाखल झाली व पुढें सर्वत्र रूढ झाली. तिनें असंख्य रोग्यांचें रक्षण केलें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण त्यासाठीं मुक्या सशांच्या पिढ्या पिंजऱ्यांत गेल्या.

१९५९ सालीं रसेल व बर्च ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं अशा प्रयोगांना तीन प्रश्न लावले. प्राण्याऐवजीं दुसरें साधन चालेल काय? प्राणी लागतच असतील, तर थोडक्यांवर भागेल काय? आणि जे लागतील, त्यांच्या वेदना कमी करतां येतील काय?

सशाला पहिला पर्याय समुद्रांतून मिळाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घोड्याच्या नालासारखें कवच असलेला एक प्राणी आढळतो. त्याला खेकडा म्हणतात, पण नात्यानें तो कोळी-विंचवांच्या कुळांतला. त्याचें निळें रक्त जंतूंच्या ह्या द्रव्याचा स्पर्श होतांच गोठतें, असें बँग व लेव्हिन ह्यांच्या संशोधनांतून १९६४ पर्यंत स्पष्ट झालें. त्या रक्तपेशींच्या अर्कानें परीक्षा कांचनळींत होऊं लागली आणि पुष्कळ ससे सुटले. परंतु सशाचा भार खेकड्याच्या पाठीवर आला! रक्त काढून पुन्हा समुद्रांत सोडलेल्या खेकड्यांपैकीं कांहीं मरतातच. शिवाय इतर प्रकारचीं ज्वरकारक द्रव्यें ह्या अर्काला ओळखतां येत नाहींत.

पुढची वाट सांपडली ती तापाचें कारण नीट समजल्यामुळें. आपल्या रक्तांतील कांहीं पांढऱ्या पेशी परकें द्रव्य ओळखून निरोप्या पदार्थ सोडतात. त्यांचा निरोप मेंदूला पोंचला कीं अंग तापतें. मग त्यासाठीं अख्खा प्राणी कशाला? रक्तदात्याच्या पेशी कांचपात्रांत घ्याव्या, त्यांत औषध घालावें आणि निरोप्या पदार्थ किती सुटला तें मोजावें. ही रीत २०१० सालीं युरोपीय औषधकोशांत आली. खेकड्याच्या रक्तांतील मुख्य घटकहि, सिंगापूरच्या संशोधकांनीं दाखविलेल्या मार्गानें, आतां खेकडा न पकडतां तयार करतां येतो. जून २०२४ मध्यें युरोपीय औषधकोशाच्या आयोगानें ५७ प्रकरणांतून सशाची चाचणी वगळण्याचें ठरविलें.

सर्वच प्रयोग इतक्या सहज सुटणारे नाहींत. औषधाचा गर्भावर, हृदयावर किंवा सबंध शरीरावर होणारा परिणाम चार पेशी पाहून पुरता कळत नाहीं. तेथें संख्या कमी करणें आणि वेदना टाळणें हेंच तूर्त हातीं आहे. परंतु सशाच्या ह्या हकीकतींत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. येथें रोग्याची सुरक्षितता तिळभरहि कमी केलेली नाहीं. उलट, माणसाला ताप येईल काय, ह्या प्रश्नाचें उत्तर सशाऐवजीं माणसाच्याच पेशी देतात. म्हणून कोणत्याहि चाचणीविषयीं प्रथम हें विचारावें कीं, तींत प्राणी नेमकें काय मोजून देतो? तें कळलें, कीं त्याच्या जागीं काय ठेवावें, हेंहि शोधतां येतें.